ब्रेक्झिट आणि ब्रिटनचे अन्न : भाकिते काय होती, घडले काय?

२३ जून २०१६ रोजी ब्रिटनच्या मतदारांनी ५१.९ विरुद्ध ४८.१ टक्के अशा निसटत्या बहुमताने युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला. ‘ब्रेक्झिट’ हा शब्द तेव्हापासून मराठी वृत्तपत्रांतही रुळला. आपल्याकडे त्याविषयी जे लिहिले गेले ते बहुधा पौंडाचा घसरलेला भाव, शेअर बाजार आणि एकामागून एक पायउतार झालेले पंतप्रधान यांच्याविषयी. त्या देशातील सामान्य गृहिणीपुढे मात्र निराळाच प्रश्न उभा होता. दुकानात टोमॅटो मिळतील का, आणि मिळाले तर कोणत्या भावाने? गोव्यातून आणि मुंबई परिसरातून तिकडे जाऊन स्थायिक झालेल्या आपल्या बांधवांच्या घरीही हीच चर्चा चालू होती. त्या वादात दोन्ही बाजूंनी काय सांगितले गेले आणि पुढे प्रत्यक्षात काय घडले, हे येथे थोडे सविस्तर पाहण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम पार्श्वभूमी. ब्रिटन हा आपले सारे अन्न स्वतः पिकविणारा देश गेल्या दीडशे वर्षांत कधीच नव्हता. १८४६ मध्ये तेथील संसदेने धान्यावरील जकातीचे कायदे रद्द केले आणि त्यानंतर कॅनडाचा गहू, न्यूझीलंडचे लोणी व कोकरू, वेस्ट इंडीजची साखर यांवर त्या देशाचे ताट भरू लागले. दुसऱ्या महायुद्धापूर्वी सुमारे दोन तृतीयांश अन्न जहाजांतून येत असे. जर्मन पाणबुड्यांनी ती जहाजे बुडविण्यास आरंभ केला तेव्हा जानेवारी १९४० मध्ये रेशनिंग सुरू झाले आणि ते पूर्णपणे उठण्यास ४ जुलै १९५४ उजाडला. युद्ध संपून नऊ वर्षे लोटली तरी मांस शिधापत्रिकेवरच मिळत होते! ही आठवण तेथील वृद्धांच्या मनात अजून ताजी आहे, म्हणून ‘अन्नटंचाई’ हा शब्द त्या देशात कोणी उच्चारला की त्याचे पडसाद फार दूरवर उमटतात.

१ जानेवारी १९७३ रोजी ब्रिटन तत्कालीन युरोपीय आर्थिक समुदायात सामील झाले. त्यानंतर, विशेषतः १९९३ पासून एकसंध बाजारपेठ अस्तित्वात आल्यावर, स्पेनच्या शेतात सोमवारी खुडलेली कोथिंबीर बुधवार-गुरुवारपर्यंत इंग्लंडच्या दुकानात दिसू लागली. वाटेत तिला कोणी थांबवून कागद विचारीत नसे. ब्रेक्झिटच्या सुमारास ब्रिटनमध्ये खाल्ल्या जाणाऱ्या अन्नापैकी, मूल्याच्या हिशेबाने, निम्म्याहून थोडे अधिक देशात तयार होत होते आणि एक चतुर्थांशाहून थोडे अधिक युरोपीय संघातून येत होते. हिवाळ्यात हे प्रमाण पार बदलते. जानेवारी २०१९ मध्ये तेथील मोठ्या दुकानदार कंपन्यांनी आणि त्यांच्या संघटनेने खासदारांना एक जाहीर पत्र लिहिले. त्यात म्हटले होते की, मार्च महिन्यात देशातील ९० टक्के लेट्यूस, ८० टक्के टोमॅटो आणि ७० टक्के मऊ फळे युरोपीय संघातून येतात. बाहेर पडण्याची पहिली तारीख नेमकी २९ मार्च २०१९ ठरली होती. जुनी पिके संपलेली आणि नवी अद्याप न आलेली, असा तो काळ. याहून अडचणीची तारीख शोधूनही सापडली नसती.

बाहेर पडण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे काय होते, तेही न्यायाने मांडले पाहिजे. युरोपीय संघ आपल्या शेतकऱ्यांच्या रक्षणासाठी बाहेरच्या साखरेवर, मांसावर, काही फळांवर भरमसाट जकात लावतो आणि त्यामुळे ब्रिटनमधील गरीब माणसाला उगाच महाग खावे लागते. एकदा बाहेर पडलो की जगात जेथे स्वस्त मिळेल तेथून आणू, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो निराधार नव्हता. संघाची शेतमालावरील जकात खरोखरच जड आहे आणि ती अनेक गरीब देशांच्याही मुळावर येते. दुसऱ्या बाजूचे उत्तर असे की, जेथून स्वस्त आणायचे ते देश हजारो मैलांवर आहेत. पालेभाजी, दूध, ताजे मांस हे जिन्नस शेजाऱ्याकडूनच येतात, आणि शेजाऱ्याच्या दारात नवी भिंत उभारून दूरच्याशी सोयरीक करण्यात शहाणपण नाही.

वादाचे खरे मर्म जकातीपेक्षा सीमेवरील तपासणीत होते, आणि ही गोष्ट जाहीर सभांतून क्वचितच समजावून सांगितली गेली. डोव्हर आणि कॅले ही दोन बंदरे सुमारे ३३ किलोमीटरच्या अरुंद समुद्राने विभागलेली. गर्दीच्या दिवशी डोव्हर बंदरातून सुमारे दहा हजार ट्रक ये-जा करतात. प्रत्येक ट्रक दोन-चार मिनिटे जरी अधिक थांबला तरी मागे मैलोगणती रांग लागते. त्यातच ब्रिटनच्या दुकानांत आणि गोदामांत ताज्या मालाचा साठा फक्त काही दिवसांचा असतो. आज संपले की उद्या येते, या विश्वासावर सारी यंत्रणा उभी आहे. बिस्किटे आणि डबाबंद पदार्थ साठवून ठेवता येतात, लेट्यूस येत नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये ब्रेक्झिट खात्याचे तत्कालीन मंत्री डॉमिनिक राब यांनी एका सभेत कबूल केले की, आपला देश डोव्हर-कॅले मार्गावर किती अवलंबून आहे याची आपल्याला पुरती कल्पना नव्हती. ज्यांच्या हाती वाटाघाटींची सूत्रे होती त्यांचेच हे उद्गार. सामान्य मतदाराला तरी मग दोष कसा द्यावा?

सप्टेंबर २०१९ मध्ये सरकारला ‘यलोहॅमर’ या सांकेतिक नावाची आपली गुप्त टिपणे संसदेच्या दबावामुळे प्रसिद्ध करावी लागली. कोणताही करार न होता बाहेर पडलो तर काय होईल, याचा अंदाज त्यांत होता. देशात अन्नाचा सर्वस्वी तुटवडा होणार नाही, परंतु काही ताज्या पदार्थांची आवक घटेल, निवड कमी होईल, भाव चढतील आणि त्याचा फटका अल्प उत्पन्नाच्या लोकांना अधिक बसेल, असे त्यांत नमूद होते. खाडीच्या मार्गाने जाणाऱ्या मालवाहू गाड्यांना अडीच दिवसांपर्यंत थांबावे लागेल, हाही अंदाज होता. घाबरून केलेली साठेबाजी टंचाईत भर घालील, हे सांगायलाही टिपणकार विसरले नव्हते.

ती वेळ आली नाही. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी संघातून बाहेर पडले, वर्षअखेरपर्यंत जुनेच नियम चालू राहिले आणि २४ डिसेंबर २०२० रोजी, नाताळच्या पूर्वसंध्येला, व्यापार व सहकार्य करार झाला. दोन्ही बाजूंच्या मालावर जकात नाही आणि मात्रेची मर्यादा नाही, असे त्यात ठरले. हा मोठाच दिलासा होता. उदाहरणार्थ, ब्रिटनमधील कोकराच्या मांसापैकी सुमारे एक तृतीयांश निर्यात होते आणि त्यातील नव्वद टक्क्यांहून अधिक युरोपात जाते. त्यावर ४० टक्क्यांहून जास्त जकात बसली असती तर वेल्सच्या डोंगरांतील मेंढपाळ देशोधडीला लागले असते.

करार होण्याच्या तीनच दिवस आधी मात्र सीमा बंद झाली तर काय होते, याचे प्रात्यक्षिक सर्व जगाने पाहिले. इंग्लंडमध्ये कोरोनाचा नवा प्रकार आढळल्यामुळे फ्रान्सने २० डिसेंबरच्या रात्रीपासून ४८ तासांसाठी वाहतूक रोखली. त्याचा ब्रेक्झिटशी थेट संबंध नव्हता. केंट परगण्यात, मॅन्स्टनच्या जुन्या विमानतळावर आणि रस्त्यांवर हजारो ट्रक अडकून पडले. पोलंड, रुमानिया, स्पेन येथील चालक नाताळसाठी घरी निघाले होते. त्यांची चूल बंद, शौचालयांची वानवा. त्यांच्यासाठी गरम जेवण घेऊन धावून गेले ते शीख बांधव. खालसा एड या संस्थेने आणि ग्रेव्हसेंड येथील गुरुद्वाराने शेकडो माणसांना अन्न पुरविले. परक्या देशात अडकलेल्या ख्रिस्ती चालकांना नाताळच्या आठवड्यात लंगरचा छोले-भात मिळाला, ही घटना आम्हांस त्या साऱ्या राजकीय कोलाहलापेक्षा अधिक लक्षात राहिली आहे.

जानेवारी २०२१ उजाडला आणि करारात जकात नसली तरी कागदपत्रे किती आहेत, हे उमगले. मांस, मासळी, दूध वा अंडी यांपासून बनलेला कोणताही पदार्थ युरोपात पाठवायचा तर पशुवैद्याच्या सहीचे आरोग्य प्रमाणपत्र प्रत्येक खेपेस लागते. एकाच ट्रकमध्ये दहा लहान उत्पादकांचा माल असेल तर दहा जणांचे कागद, आणि त्यांपैकी एकात चूक निघाली तर उरलेल्या नऊ जणांचा मालही खोळंबतो. मोठ्या कंपनीला हे पेलवते. गावातील चीज बनविणाऱ्या लहान कारखानदाराला प्रमाणपत्राचा खर्च मालाच्या नफ्याहून अधिक पडतो. शिवाय हे प्रमाणपत्र देणारे पशुवैद्य आणायचे कोठून? ब्रिटनच्या कत्तलखान्यांत काम करणारे बहुसंख्य पशुवैद्य स्पेन आदी युरोपीय देशांतूनच आलेले होते.

सर्वांत हाल झाले ते स्कॉटलंडच्या मासेमारांचे. तेथील किनाऱ्यावर मिळणारे खेकडे व मोठे झिंगे ब्रिटिश लोक फारसे खात नाहीत, ते फ्रान्स व स्पेनच्या बाजारांत जातात. ताज्या मासळीचा भाव तासागणिक कसा उतरतो, हे किनाऱ्यावर राहणाऱ्या आमच्या वाचकांना सांगायला नको. एका रात्रीत पोहोचणारा माल दोन-दोन, तीन-तीन दिवस अडकू लागला. १८ जानेवारी २०२१ रोजी मासळी व्यापाऱ्यांनी आपले ट्रक लंडनमध्ये थेट संसदेच्या परिसरात आणून उभे केले. विरोधाभास असा की, मासेमारी हा ब्रेक्झिटच्या प्रचारातील मानाचा मुद्दा होता. आपला समुद्र आपल्याला परत मिळेल, असे अभिवचन मच्छीमारांना दिले गेले होते. समुद्र काही अंशी मिळाला, पण बाजार दुरावला. काही भागांतील जिवंत शिंपल्यांना तर युरोपची दारे पूर्णच बंद झाली, कारण संघाबाहेरील देशांतून असे शिंपले शुद्ध केल्यावाचून आणण्यास तेथील नियमांनी पूर्वीपासूनच मनाई आहे. संघात असताना ब्रिटननेही तोच नियम इतरांना लावला होता!

त्या एका महिन्यात ब्रिटनची युरोपीय संघाकडे होणारी निर्यात आदल्या महिन्याच्या मानाने ४० टक्क्यांनी घसरली. पुढे ती बरीच सावरली, म्हणून या एका आकड्यावरून कोणी अंतिम निष्कर्ष काढू नये. दीर्घकालीन हिशेब ब्रिटनच्या अर्थसंकल्पीय उत्तरदायित्व कार्यालयाने मांडला आहे. संघात राहिले असते त्या तुलनेत देशाची आयात व निर्यात दोन्ही सुमारे १५ टक्क्यांनी कमी राहतील, असे त्या कार्यालयाचे गृहीत आहे.

येथे एक प्रश्न वाचकांच्या मनात येईल. निर्यात अडली, पण आयातीचे काय? दुकाने रिकामी का झाली नाहीत? याचे कारण असे की, युरोपने पहिल्याच दिवसापासून तपासणी सुरू केली, तर ब्रिटनने आपल्या बाजूची तपासणी पाच वेळा पुढे ढकलली. दाराला कुलूप लावण्याचा अधिकार मोठ्या झगड्याने मिळविला आणि मग भाजी येत राहावी म्हणून दार उघडेच ठेवले, असा हा प्रकार. अखेर ३१ जानेवारी २०२४ पासून आरोग्य प्रमाणपत्रांची आणि ३० एप्रिल २०२४ पासून प्रत्यक्ष तपासणीची अट लागू झाली. डोव्हर व खाडीखालील बोगदा या मार्गांनी येणाऱ्या प्रत्येक खेपेवर जास्तीत जास्त १४५ पौंडांपर्यंत शुल्कही बसले. मोठ्या दुकानांना ही रक्कम किरकोळ, पण इटलीहून आठवड्याला थोडे चीज आणि थोडे हॅम आणणाऱ्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराला ती जाचक ठरते.

आयर्लंडचा प्रश्न याहूनही नाजूक. उत्तर आयर्लंड ब्रिटनचा भाग, दक्षिणेकडील प्रजासत्ताक युरोपीय संघाचा सदस्य, आणि दोहोंमध्ये सुमारे ५०० किलोमीटरची सीमा. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट समाजांतील तीस वर्षांचा रक्तपात १० एप्रिल १९९८ च्या ‘गुड फ्रायडे’ कराराने थांबला, आणि त्यानंतर त्या सीमेवरील चौक्या व सैनिक नाहीसे झाले. उत्तरेतील गाईंचे दूध दक्षिणेतील कारखान्यांत जाते, दक्षिणेतील डुकरे उत्तरेकडे येतात. तेथे पुन्हा तपासणी नाके उभारणे म्हणजे जुन्या जखमेवर मीठ चोळणे, यावर सर्वांचे एकमत होते. मग तपासणी झाली कोठे? खुद्द ब्रिटन आणि उत्तर आयर्लंड यांच्या मधल्या समुद्रात. परिणामी इंग्लंडमधून बेलफास्टला जाणारा भाजीपाला, तयार जेवण, सॉसेजही कागदपत्रांत अडकले. जानेवारी २०२१ मध्ये तेथील काही दुकानांच्या फळ्या ओस पडल्याची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकली. एका सीमेपासून वाचण्यासाठी दुसरी निर्माण झाली, आणि या वेळी दुखावले गेले ते स्वतःला ब्रिटिश मानणारे प्रोटेस्टंट. २७ फेब्रुवारी २०२३ रोजी झालेल्या विंडसर समझोत्याने बराच मार्ग निघाला. उत्तर आयर्लंडमध्येच विकल्या जाणाऱ्या मालाला ‘युरोपीय संघासाठी नाही’ अशी चिठ्ठी लावून सोप्या मार्गिकेने जाऊ देण्यात येऊ लागले.

आता भाववाढीकडे वळू. मार्च २०२३ मध्ये ब्रिटनमधील अन्नाची महागाई १९ टक्क्यांवर गेली. चार दशकांत असे झाले नव्हते. त्याच्या आदल्या महिन्यात टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरची यांवर मोठ्या दुकानांनी माणशी दोन-तीनची मर्यादा घातली. समाजमाध्यमांवर लगेच खापर फुटले ते ब्रेक्झिटच्या माथी. आमच्या मते हा अन्याय होता. त्या वर्षी स्पेन व मोरोक्को येथे थंडीने पिके बिघडली होती आणि युक्रेनमधील युद्धामुळे वायू महागल्याने ब्रिटन व नेदरलँड्समधील हरितगृहे शेतकऱ्यांनी रिकामी ठेवली होती. तथापि ब्रेक्झिटचा वाटा शून्य होता असेही नाही. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संशोधकांनी डिसेंबर २०२२ मध्ये दाखविले की, नव्या कागदपत्रांमुळे २०२० व २०२१ या दोन वर्षांत अन्नाच्या किमती सुमारे ६ टक्क्यांनी चढल्या आणि दर कुटुंबामागे सरासरी २१० पौंडांचा भार पडला. श्रीमंताला हा आकडा जाणवतही नाही. ज्याच्या मिळकतीचा मोठा हिस्सा जेवणावरच खर्च होतो, त्याला तो लागतो. ब्रिटनमधील ट्रसेल या धर्मादाय संस्थेच्या अन्नपेढ्यांनी २०२२-२३ या वर्षात सुमारे ३० लाख शिधा पाकिटे वाटली. त्यांतील बरीच केंद्रे चर्चच्या सभागृहांत चालतात.

दुसरी टंचाई माणसांची. स्ट्रॉबेरी खुडणे, कोंबड्या सोलणे, डुकराचे मांस कापणे, ट्रक हाकणे ही कामे पूर्व युरोपातील मजूर करीत. कोरोनाच्या काळात ते घरी गेले आणि नव्या नियमांमुळे परत येऊ शकले नाहीत. २०२१ च्या शरदात कसायांच्या अभावी हजारो डुकरे शेतावरच मारून टाकावी लागली. त्यांचे मांस कोणाच्या ताटात गेले नाही. सरकारने घाईघाईने ट्रकचालकांसाठी ५,०००, कुक्कुटपालनासाठी ५,५०० आणि कसायांसाठी ८०० तात्पुरते व्हिसा जाहीर केले.

या मजूरवर्गातच आपले गोवेकरही येतात. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या पुढील दोन पिढ्यांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळविता येते, आणि त्या पासपोर्टवर हजारो गोवेकर कुटुंबे स्विंडन, लंडन येथे जाऊन राहिली. गोदामांत, कारखान्यांत त्यांनी कष्टाची कामे केली. ३१ डिसेंबर २०२० पूर्वी जे तेथे पोहोचले व ३० जून २०२१ च्या मुदतीत ज्यांनी अर्ज केला, त्यांचा निवास कायम राहिला. त्यानंतर पोर्तुगीज पासपोर्ट हाती घेऊन ब्रिटनमध्ये नोकरीस जाण्याचा मार्ग बंद झाला. पासपोर्ट मिळवून देणाऱ्या दलालांच्या जाहिरातींवर विसंबणाऱ्या तरुणांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

कोकणच्या हापूसचेही या कथेशी नाते आहे. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने फळमाशीच्या कारणास्तव भारतीय आंबा, तसेच वांगी, कारली, पडवळ व अळू यांवर बंदी घातली होती. आंब्याचा युरोपातील मोठा गिऱ्हाईक ब्रिटन, तेथील व्यापारी व खासदार ओरडत होते, पण निर्णय ब्रुसेल्सचा असल्याने लंडनला तो मानणे भाग होते. २०१५ च्या आरंभी आंब्यावरील बंदी उठली. आज असा निर्णय ब्रिटन स्वतः घेऊ शकते. भारताशी स्वतंत्र व्यापार करार करणेही त्याला संघाबाहेर पडल्यामुळेच शक्य झाले. २४ जुलै २०२५ रोजी त्यावर सह्या झाल्या आणि भारतीय कोळंबीसह बहुतेक मालावरील ब्रिटिश जकात शून्यावर आणण्याचे त्यात ठरले. ब्रेक्झिटच्या समर्थकांच्या पारड्यात हे वजन टाकलेच पाहिजे.

मात्र दूरच्या देशांशी केलेले सारे करार ब्रिटिश शेतकऱ्याला मानवले असे नाही. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार ३१ मे २०२३ पासून अंमलात आला. तो फारसा चांगला नाही, असे तो होताना शेतीमंत्री असलेले जॉर्ज युस्टिस यांनीच नोव्हेंबर २०२२ मध्ये संसदेत सांगून टाकले. अमेरिकेशी मे २०२५ मध्ये झालेल्या समझोत्यात १३,००० टन गोमांसाला सवलत मिळाली, पण क्लोरीनने धुतलेल्या कोंबडीला ब्रिटनने दार उघडले नाही. ब्रिटिश ग्राहक त्या कोंबडीला कधीच राजी नव्हता.

आणि गाडी पुन्हा शेजाऱ्याकडेच वळली आहे. १९ मे २०२५ रोजी लंडन येथे ब्रिटन व युरोपीय संघ यांची शिखर परिषद झाली. मांस, दूध, भाजीपाला यांवरील बहुतेक तपासण्या व प्रमाणपत्रे रद्द करणारा करार करण्याचे तेथे ठरले. त्यासाठी ब्रिटनला युरोपचे अन्नविषयक नियम जसे बदलतील तसे स्वीकारत जावे लागेल, अंतिम अर्थ लावण्याचा अधिकार युरोपीय न्यायालयाकडे राहील, आणि नियम ठरविताना ब्रिटनला मत नसेल. त्याच दिवशी युरोपच्या नौकांना ब्रिटिश समुद्रात मासेमारीची मुभा २०३८ पर्यंत वाढवून देण्यात आली. स्कॉटलंडमधील मच्छीमार संघटनांनी त्यावर कडक टीका केली. त्याच स्कॉटलंडमधील मासळी निर्यातदारांनी, ज्यांचे खेकडे कॅलेच्या वाटेवर नासले होते, त्याचे स्वागत केले.